माहेरी आलेल्या लेकीचं बीपी

गडमुडशिंगी काय किंवा करवीर तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव काय, पहिलटकरीण डोहाळजेवण झालं की माहेरी येते. गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा काळही बहुतेकदा हाच. पाय सुजतात, डोकं ठणकतं. घरचे म्हणतात, 'दिवसांत असं व्हायचंच.' आधीच्या तपासण्यांचं कार्ड मात्र सासरच्या कपाटात राहिलेलं असतं.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की डॉक्टर सावध होतात. दुखण्याचं मूळ असतं वारेत. तिला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयाच्या वाहिन्या रुंद व्हायला हव्यात, त्या अरुंदच राहतात. बाळ लहानखुरं राहतं. आईला झटके येऊ नयेत म्हणून कधी मुदतीआधीच बाळंतपण करावं लागतं आणि मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे बुडतात.

हेलसिंकीत १९३४ ते १९४४ दरम्यान जन्मलेल्या ३९८ पुरुषांची विशीत सैन्यात झालेली बुद्धिचाचणी म्हातारपणी पुन्हा घेतली गेली. ज्यांच्या आईला गरोदरपणी उच्च रक्तदाब होता, त्यांचे गुण एकोणसत्तरीच्या सुमारास सरासरी ४.३६ने कमी भरले. गणितात फरक जास्त ठळक. ही सरासरी आहे. त्यावरून एखादं मूल मठ्ठ निघणार असं ठरवून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

उपाय महागडे नाहीत. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब फार चढलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथाइलडोपा यांपैकी एक औषध तोंडावाटे दिलं गेलं. २०१९मध्ये निष्कर्ष आले: कुठलंही औषध घेतलं तरी दर चौघींत किमान तिघींचा रक्तदाब सहा तासांत आटोक्यात आला. निफेडिपिन मिथाइलडोपापेक्षा सरस ठरलं. अर्थात गोळी डॉक्टरांनीच ठरवायची.

पण आधी बीपी मोजलं तर पाहिजे, आणि तेही नीट. पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्या बाईच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळू नये. पाच मिनिटं पाठ टेकून बसवावं, पावलं जमिनीवर, हात छातीच्या पातळीत टेकलेला, बोलणं बंद.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. लेक माहेरी आली की त्याच आठवड्यात आशाताईंना कळवा, कार्ड मागवून घ्या. डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटात वरच्या बाजूला कळ आली, तर मात्र ९ तारखेची वाट न पाहता थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा.