लांब केसांसाठी कंगवा की ब्रश?

लांब केस विंचरण्यासाठी कंगवा वापरावा की ब्रश, या प्रश्नाचे उत्तर केसांची रचना, त्यांना लागणारे तेल, न्हाण्याचे पाणी आणि ते केस बाळगणाऱ्या स्त्रीचे दिवसभराचे काम या चार गोष्टींवर अवलंबून असते. आणि यांतील बहुतेक गोष्टी ठिकाणानुसार बदलत असल्याने बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्याला लागू पडणारे उत्तर मुंबईला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीच्या वेणीचे टोक सुमारे चार वर्षांचे जुने असते आणि तेवढ्या काळातील ऊन, धूळ, घासणे व धुणे त्याने सोसलेले असते. केसावर एकावर एक रचलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. मुळाशी ते गुळगुळीत राहते, टोकाशी मात्र झिजून खडबडीत होते आणि म्हणूनच गुंता बहुधा टोकांकडे जास्त होतो. न्हाल्यावर केसात पाणी शिरते आणि केराटिन या त्याच्या मूळ प्रथिनातील काही दुर्बळ बंध सुटतात, त्यामुळे ओला केस अधिक ताणला जातो, पण तेवढ्याच सहजतेने तुटतोही.

कंगव्याला दातांची एकच ओळ असते. गाठ लागताच हाताला ती जाणवते, हात थांबतो आणि गाठ बोटांनी सोडवता येते. ब्रशला अनेक ओळी असल्याने जोर विभागला जातो, गाठीची जाणीव उशिरा होते आणि मागच्या ओळी तीच गाठ खाली रेटून अधिक घट्ट करतात. ब्रशचे खरे काम वेगळे आहे: टाळूतून स्रवणारा नैसर्गिक स्निग्धांश केसांच्या टोकापर्यंत पोहोचवणे. लंडनच्या मेसन पिअर्सन यांनी १८८५ च्या सुमारास रबरी गादीवर बसवलेल्या केसाळ ब्रशची जी घडण रूढ केली, तिचा उपयोग मुख्यतः याच कामासाठी होत आला. ज्या घरांत खोबरेल तळहातावर घेऊन टाळूपासून टोकापर्यंत चोळले जाते, तेथे हे काम हातानेच झालेले असते. उलट तेलकट केसांवर फिरवलेला ब्रश तेल, धूळ आणि गळलेले केस गादीत साठवतो व तो स्वच्छ करणे जिकिरीचे होते. कंगवा मात्र कोमट पाण्यात साबण लावून मिनिटभरात निघतो.

चकलांब्याच्या परिसरात या गणितात पाण्याची भर पडते. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी अनेकदा दुष्फेन, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाचा फेस होऊ न देणारे असते. साबणाचा चिकट थर केसांवर राहतो, ते राठ होतात आणि गुंता वाढतो. त्यावर ऊसतोडीच्या हंगामाचा भार येतो. बीड जिल्ह्यातील लाखो मजूर दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, तेथे कोपीत राहतात आणि स्त्रिया चुंबळीवर उसाची मोळी वाहतात. पाचटाचा कचरा केसांत अडकतो आणि ओझ्याखाली केस घासले जातात. अशा केसांवर थेट ब्रश फिरवणे म्हणजे केस तोडणेच होय. आधी कचरा हाताने झटकावा, थोडे तेल लावावे आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करून चार-चार बोटे वर सरकत जावे. मुळापासून एका ओढीत खाली येण्याची सवय सर्वांत घातक असते.

कंगवा निवडताना किमतीपेक्षा दात पाहणे महत्त्वाचे ठरते. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्यावर दातांच्या बाजूने बारीक धार राहते, ती नखाला सहज जाणवते आणि प्रत्येक फेऱ्यात केसाचे खवले खरवडते. लाकडी कंगव्याचे दात घासून गोलसर केलेले असतात आणि मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात त्याने केस विद्युतभाराने फुलतही नाहीत. तो पाण्यात भिजत ठेवू नये, एवढेच पथ्य आहे. दोन्ही बाजूंना बारीक दात असलेली फणी उवा-लिखा काढण्यापुरतीच असावी. हे काम फार जुने आहे: इस्रायलमधील लाखीश येथे सापडलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर उवा निघून जाव्यात अशी इच्छा कोरलेली असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

ब्रश निरुपयोगी आहे असे नाही. तेल न लावलेले, वाळलेले आणि आधीच सोडवलेले केस अंबाड्यापूर्वी बसवायला मऊ केसांचा ब्रश चांगला. सरळ केस थोडे सुकू देऊन विंचरावेत, कुरळे मात्र दमट असतानाच रुंद दातांनी सोडवावेत.

विंचरणे दीर्घकाळ थांबले तर केस एकमेकांत घट्ट अडकून जट तयार होते. ती देवीची खूण मानून अनेक स्त्रियांनी वर्षानुवर्षे मानेवर तिचे ओझे आणि टाळूची दुर्गंधी सोसली आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी या स्त्रियांना समजावून जटा कापल्या, हे काम केसांच्या निगेच्या चर्चेत आवर्जून नोंदवले पाहिजे.

कंगवा योग्य आहे की नाही, हे कंगव्यात राहिलेल्या गुंतवळावरूनच कळते. भांड्यांच्या बदल्यात फेरीवाल्याला देण्यासाठी ते जपून ठेवण्याची पद्धत अनेक गावांत आहे. त्याआधी ते उजेडात निरखावे. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते आणि अशा पूर्ण लांबीच्या केसाच्या एका टोकाला पांढुरका ठिपका दिसतो. ठिपका नसलेले आखूड तुकडेच अधिक दिसू लागले, तर ते केस गळालेले नसून तुटलेले आहेत; तेव्हा कंगवा बदलावा, किंवा विंचरण्याची सुरुवात टोकाकडून होते की नाही ते पाहावे.