वाजणारा कान आणि लातूर पॅटर्न

'नीट'चा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात फलकांना जागा पुरत नाही. 720 पैकी किती, हे नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी घडवलेला 'लातूर पॅटर्न' आता महाराष्ट्रभर विकला जातो, आणि त्यानं खेड्यापाड्यांतली शेकडो मुलं डॉक्टर केली, हे टीकाकारांनाही मान्य करावं लागतं. फलकावरची ही मुलं पाच-सात वर्षांनी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत कान-नाक-घशाच्या ओपीडीत बसतात. तिथे कधीतरी असा एक रुग्ण समोर येतो, ज्याच्या तक्रारीला अ-ब-क-ड असे पर्यायच नसतात. तो म्हणतो, "साहेब, कानात सारखं रातकिडं वरडायलंय."

बाहेर आवाज नाही, आणि आत तो थांबत नाही. वैद्यकात याला टिनिटस म्हणतात. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले आहेत आणि कर्णनाद व कर्णक्ष्वेड हे त्यांतले दोन. म्हणजे तक्रार जुनी आहे. नवा आहे तो तिचा हिशेब. 2022 साली 'जामा न्यूरॉलॉजी'त आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगातल्या सुमारे 14 टक्के प्रौढांना कधी ना कधी हा आवाज ऐकू येतो. ही संख्या 74 कोटींच्या घरात जाते, आणि त्यांतल्या सुमारे 12 कोटी लोकांना त्याचा त्रास गंभीर आहे.

एवढा मोठा आजार, पण तो दाखवणारी एकही तपासणी नाही. रक्तात काही सापडत नाही, एमआरआयमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही. रुग्ण सांगतो म्हणून तो आहे. मळ, कानाचा पडदा, रक्तदाब, रक्तक्षय, क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिली जाणारी कानामायसिनसारखी इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिसप्लाटिन, अशी कारणं एकेक करून तपासायची. नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणारा किंवा एकाच कानात वाजणारा आवाज असेल तर अधिक सावध व्हायचं. पण बहुसंख्य रुग्णांत कारण एवढंच असतं की आतल्या कानातल्या केसपेशी वयानं किंवा गोंगाटानं मेलेल्या असतात. येणारा संदेश क्षीण झाला की, स्टेशन नीट लागत नसताना रेडिओचा आवाज वाढवावा तसं मेंदू आपलं 'व्हॉल्यूम' वाढवतो आणि मग खरखरच ऐकू यायला लागते. निदान आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण हे आहे. ते पुरेसं मात्र नाही. बहिरेपण असूनही कान न वाजणारे आणि ऑडिओग्राम अगदी नॉर्मल असूनही वाजणारे, दोन्ही प्रकारचे लोक भरपूर आहेत. 1953 साली हेलर आणि बर्गमन या दोघा अमेरिकी संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत पाच मिनिटं बसवलं, तर त्यांतल्या 94 टक्क्यांना काही ना काही आवाज ऐकू आले. म्हणजे आवाज जवळजवळ सगळ्यांकडे आहे. प्रश्न आहे तो काहींच्या डोक्यातून तो जात का नाही, हा.

या आजाराची मोजणी कशी होते, हे पाहण्यासारखं आहे. रुग्ण आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसलेला. काचेपलीकडे श्रवणतज्ज्ञ मुलगी ऑडिओमीटरवर आधी 4000 हर्ट्झचा सूर देते, मग 6000चा. "मामा, तुमच्या कानातला आवाज यातल्या कशासारखा?" "हा नाही, ह्याच्याहून बारीक." ती 8000 देते. "हां, असाच." इथे शिकाऊ उमेदवार खूश होऊन आकडा लिहून मोकळा होतो. शिकलेली मुलगी तसं करत नाही. ती एक सप्तक खालचा, म्हणजे 4000चा सूर पुन्हा ऐकवते, कारण सप्तकाची गल्लत माणसं हमखास करतात. गाण्याच्या क्लासातही करतात. मग एकेका डेसिबलनं आवाज चढवत मोठेपणा जुळवायचा. तो बहुतेकांचा त्या सुराच्या ऐकू येण्याच्या उंबरठ्यापासून दहाएक डेसिबलच्या आतच निघतो, म्हणजे कुजबुजीहूनही कमी. रात्रभर झोप न लागलेल्या माणसाच्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे पाहावेत. आवाज किती मोठा आणि त्रास किती मोठा, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, ही टिनिटसच्या अभ्यासातली पहिली अवघड गोष्ट. कानाचा डॉक्टर इथे एकटा पुरत नाही.

युरोपनं हे ओळखलं आणि उपाय काढला तो औषधाचा नव्हे, शाळेचा. 2014 ते 2018 या काळात 'टिननेट' या जाळ्यातून वेगवेगळ्या देशांतले संशोधक आधी एकत्र आले. ते काम चालू असतानाच 2017 साली जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठाच्या पुढाकारानं 'एसिट', म्हणजे टिनिटसच्या आंतरशाखीय संशोधनाची युरोपीय शाळा, उभी राहिली. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी योजनेतून तिला पैसे मिळाले. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या वैद्यकीय केंद्राकडे 'टिन-ॲक्ट' हे भावंड आलं. दोन्हींत पंधरा-पंधरा पीएच.डी.चे विद्यार्थी. कुणी मानसशास्त्राचा, कुणी जनुकशास्त्राचा, कुणी संगणकाचा, कुणी श्रवणशास्त्राचा. निवडीची अट मोठी मजेशीर: ज्या देशात काम करायचं, तिथे त्या उमेदवाराचं आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त वास्तव्य झालेलं नसावं. घरच्या ओट्यावर बसून संशोधन नको, असा सरळ हेतू. नागरिकत्वाची अट नाही. नांदेडची मुलगीही अर्ज करू शकली असती.

या शाळांनी चमत्कारी गोळी दिली नाही. दिली ती शिस्त. उल्म आणि रेगेन्सबुर्गच्या मंडळींनी आधीच बनवलेलं 'ट्रॅक युअर टिनिटस' हे मोबाइल ॲप दिवसातून अनेकदा वापरणाऱ्याला 'आत्ता आवाज किती?' असं विचारतं. त्या नोंदींतून 2017 साली दिसलं की मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात आवाज आणि त्रास दोन्ही चढलेले असतात. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेच्या सहभागानं स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 2019 साली निष्कर्ष आला की गंभीर टिनिटसमध्ये अनुवंशाचा वाटा सुमारे 32 टक्के आहे. पुढे 'युनिटी' या प्रकल्पात अथेन्स, बर्लिन, ग्रानादा, ल्यूव्हेन आणि रेगेन्सबुर्ग या पाच ठिकाणी श्रवणयंत्र, ध्वनी-उपचार, समुपदेशन आणि वर्तनोपचार हे एकेकटे आणि जोडीनं देऊन पाहिले गेले. जोडी सरस ठरली. एवढंच कळायलाही पाच शहरांनी एकच तक्ता, एकाच पद्धतीनं भरावा लागला.

मराठवाड्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ढिगारे उपसून झाल्यावर मागे राहिलेलं दुःख मोजायचं कसं, हाच प्रश्न होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांच्या प्रकल्पात लातूरच्या भूकंपग्रस्तांच्या मानसिक आघाताचा अभ्यास झाला आणि सोबत उपचारही. प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. लोक त्यांना 'घाशीराम'मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतात. लातूर जिल्ह्याच्या वैद्यकीय इतिहासात त्यांची नोंद मनोविकारतज्ज्ञ म्हणून व्हायला हवी. डोळ्यांना न दिसणारं दुखणं गावोगाव फिरून, माणसांशी बोलून मोजता येतं, हा धडा या मातीत एकदा गिरवून झाला आहे.

मात्र डोळ्याला जे भाग्य लाभलं ते कानाला नाही. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे घराघरांत पोचले, 2008 साली पद्मश्री झाले. 1966 पासून लातुरात विवेकानंद रुग्णालय चालवणाऱ्या मंडळींतले डॉ. अशोकराव कुकडे 2019 साली पद्मभूषण झाले. मोतीबिंदूत पट्टी सोडली की रुग्ण सांगतो, 'दिसलं.' वाजणाऱ्या कानाला असा क्षण नसतो, म्हणून त्याचं शिबिर भरत नाही, उद्घाटनाला कुणी येत नाही. 2016च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, टिनिटस त्यांत नाही. श्रवणदोष मोजला जातो तो डेसिबलमध्ये.

शिक्षणाची बाजू पाहिली तर साधनं अगदीच नाहीत असं नाही. श्रवणशास्त्राचं शिक्षण देणारी देशातली मोठी संस्था म्हैसूरला आहे, 1965 पासून. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 साली सुरू झाली. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप करून मुलं पदवी घेतात, पण त्यांतली पुष्कळशी श्रवणयंत्रांच्या दुकानांत किंवा परदेशी जातात, हे जाणकार खासगीत कबूल करतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची लघुकालीन शिष्यवृत्ती 1979 पासून आहे: दोन महिने, एक छोटा प्रश्न, एक मार्गदर्शक. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो, संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. म्हणजे वेळ, सक्ती, रुग्ण, सगळं आहे. नाही तो प्रश्न. प्रबंधाचे विषय ठरतात ते पूर्वीच्या प्रबंधांवरून, आणि बांधणी झाली की प्रबंध कपाटात जातात.

प्रश्न तर दाराशी आहेत. लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ आणि डाळमिलचं गाव. 1948च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानं गोंगाटानं येणारं बहिरेपण हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. डाळमिलमधल्या हमालांना, जिनिंगमधल्या कामगारांना विचारलं तर कितीजणांचे कान वाजतात? वरातीत डीजे लावून परतलेल्या पोरांचे किती तास, किती दिवस वाजतात? निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा, आणि मिरवणुकीच्या ट्रॉलीमागे उभ्या असलेल्या ढोलकरी पोराचा कान यांच्यातलं अंतर कुणी एमबीबीएसचा विद्यार्थी दोन महिन्यांत मोजू शकतो. त्याला लागतं एक ध्वनिमापक आणि ऑडिओमीटर.

खरं अवघड काम प्रश्नावलीचं. टिनिटसचा त्रास मोजायला जगभर 1996 साली अमेरिकेत बनलेली 25 प्रश्नांची यादी वापरतात. तीत एक प्रश्न वाचनात अडथळा येतो का, असा आहे. दुसरा, बाहेर जेवायला किंवा सिनेमाला जाण्याची मजा जाते का, असा. अहमदपूरच्या निरक्षर आजीला हे विचारून काय मिळणार? तिला विचारायला हवं ते कीर्तनाला बसवतं का, आठवडी बाजारात बोलणं कळतं का, पहाटे जाग आल्यावर पुन्हा डोळा लागतो का. पण प्रश्न बदलले की मोजमाप बदलतं, म्हणून नवी यादी कितीतरी रुग्णांवर पुन्हा तपासून घ्यावी लागते. त्यातही देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-देवणीकडे कानडी, नांदेड शहरात उर्दू आणि पंजाबी, तांड्यांवर गोरमाटी. एका पीएच.डी.ला पुरून उरेल असं हे काम आहे, आणि ते रेगेन्सबुर्गात बसून होणारं नाही.

उपचारांत नव्या माणसानं आधी शिकायचं ते नको म्हणायला. 2014 सालच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी गिंको बिलोबासारखी पूरकं आणि चिंता-नैराश्यावरच्या गोळ्या केवळ कान वाजतो म्हणून देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. बहिरेपण असेल तर श्रवणयंत्र द्या आणि विचार-वर्तनोपचाराची शिफारस करा, हेही सांगितलं. नेदरलँड्समध्ये 492 रुग्णांवर झालेल्या, 2012 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत टप्प्याटप्प्यानं दिलेल्या या वर्तनोपचाराचा वर्षभरानंतरही फायदा टिकला. आवाज जात नाही, त्याची भीती जाते. 2023 साली अमेरिकेत जिभेला सौम्य विद्युत्-स्पंदनं देणारं एक यंत्रही मंजूर झालं, पण ते मराठवाड्यातल्या खिशाचं नाही. इथे वर्तनोपचार कोण देणार? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 2015 पासून 'प्रेरणा' प्रकल्प आहे. त्यात आशाताई घरोघरी जाऊन नैराश्याची प्राथमिक चौकशी करतात. कान-नाक-घशाच्या ओपीडीतून मानसोपचाराच्या ओपीडीकडे जाणारा व्हरांडा रुग्णाला एकट्यानं चालावा लागतो, आणि 'मला काय येड लागलंय का?' म्हणून तो मधूनच घरी परततो. दोन्ही विभागांतल्या निवासी डॉक्टरांनी आठवड्यातून एक दुपार एकाच खोलीत बसायचं ठरवलं तर त्याला शासनाचा नवा आदेश लागत नाही.

लागतो तो पगार. एसिटच्या पंधरा जणांना पूर्ण वेळ नोकरीसारखं मानधन होतं, म्हणून ते तीन-तीन वर्षं एका प्रश्नाच्या मागे राहू शकले. आपल्याकडे कर्ज काढून शिकलेला निवासी डॉक्टर पदवी हातात पडताच जिल्ह्याच्या गावी दवाखाना टाकतो. वडिलांनी गहाण ठेवलेली तीन एकर आधी सोडवायची असते, त्यामुळे त्याला दोषही देता येत नाही. श्रवणशास्त्राच्या मुलीला पुण्याच्या दुकानातून फोन येतो. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 पासून मानसशास्त्र, संगणकशास्त्र आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी घडवतं आहे. वैद्यकीय महाविद्यालयं मात्र नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेली. विष्णुपुरीत हे विद्यापीठ आणि नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय यांचे परिसर एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण मानसशास्त्राच्या संशोधकानं कानाच्या ओपीडीत बसायचं म्हटलं, तर मार्गदर्शक कुणाच्या यादीतला, नीतिसमिती कुणाची आणि छात्रवृत्ती कोणत्या खात्यातून, इथूनच सुरुवात करावी लागते.