आधी उजेड, शेवटी धार

नवेगाव बांधच्या तलावावर डिसेंबरची सकाळ. पाण्यावर धुकं, डोंगरांच्या कडा अर्धवट पुसलेल्या आणि काठाच्या चिखलात एक पांढराशुभ्र बगळा. असे दोनशे फोटो घेऊन आपण घरी येतो. संगणकावर आधी रंग गडद करतो, मग धार वाढवतो, मग उजेड बदलतो. तासाभराने बगळ्याची पिसं चुन्याच्या ठिपक्यासारखी सपाट झालेली असतात. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते.

हा तलाव बांधणारे कोहळी समाजाचे लोक क्रम जाणत होते. पाटाचं पाणी आधी वरच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ती भरली की खालच्या बांधीत. फोटोचंही तसंच: आधी अख्ख्या चौकटीचं काम, मग एखाद्या कोपऱ्याचं.

सुरुवात कॅमेऱ्यातच होते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या मिळतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. पिसांमधल्या बारीक छटा या जास्तीच्या पायऱ्यांवर तगतात. पण उन्हाने पुरता जळालेला भाग रॉमधूनही परत येत नाही; म्हणून तलावावर असतानाच हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ बघावा.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे मूळ फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणं. मग कठोर निवड. दोनशेतले दहा उरले तरी पुष्कळ. त्यानंतर व्हाइट बॅलन्स, उजेड, सावल्या. मग दाणे (नॉइज) कमी करणं आणि चौकट कापणं. मग फक्त बगळ्यापुरती दुरुस्ती. धार सर्वांत शेवटी, कारण ती दाण्यांनाही धार लावते आणि किती लावायची हे मोबाइलवर दाखवायचं की भिंतीवर टांगायचं यावर ठरतं.

लाइटरूम किंवा मोफत मिळणारं डार्कटेबल हे सॉफ्टवेअर मूळ रॉ फाइलला हात लावत नाही, फक्त आपल्या सूचना जपून ठेवतं. त्यामुळे वर्षभरानेही मागे फिरता येतं. जेपेग मात्र बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दरवेळी थोडा तपशील झिजतो.

‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत अंतिम फेरीसाठी मूळ फाइल मागतात. चित्रात काही घालणं किंवा पुसणं चालत नाही. आपला फोटो स्पर्धेला जाणार नसला तरी ही कसोटी घरी लावावी. सॉफ्टवेअरमधली धुकं हटवणारी पट्टी एका झटक्यात डोंगर लख्ख करते. पण त्या सकाळी डोंगर लख्ख नव्हते. ते धुकं बघायलाच तर आपण पहाटे उठून बांधावर गेलो होतो.