पिल्लाला बाहेर जाण्याची सवय : एका बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

"बाळ शी-शू केव्हा सांगू लागेल?" हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाला नवा नाही. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न येऊ लागला आहे. मुलाची तपासणी आटोपली की आई जरा संकोचून विचारते, "डॉक्टर, घरी कुत्र्याचे पिल्लू आणले आहे. ते घरभर घाण करते. मुलाला त्याचा त्रास नाही ना होणार? आणि त्याची ही खोड जाणार तरी कधी?" यातील पहिला प्रश्न माझ्या विषयातला, दुसरा पशुवैद्यकातला. परंतु दोहोंची उत्तरे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एक सोडून दुसरे देता येत नाही.

आपल्या इंदूरच्या जुन्या वाड्यांना अंगण होते, मागे परसू होते. कुत्रे असायचे ते दाराशी, त्यामुळे हा प्रश्न सहसा उद्भवतच नसे. आज कुत्रे तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत दिवाणखान्यात राहते. त्याच्यासाठी 'बाहेर' म्हणजे दोन दरवाजे, एक लिफ्ट आणि एक फाटक ओलांडल्यानंतरची जागा. ही जागा दोन-अडीच महिन्यांच्या जिवाने ओळखावी आणि तिथे पोचेपर्यंत थांबावे, अशी आपली अपेक्षा असते. ती पूर्ण झाली नाही की आधी ओरडणे, मग फटके आणि अखेर, दुर्दैवाने, कुणाच्या तरी फार्म हाऊसवर किंवा सरळ रस्त्यावर सोडून देणे, असा क्रम अनेक घरांत घडतो. वाढदिवसाची भेट म्हणून आलेला जीव मुलाच्या डोळ्यांदेखत असा नाहीसा होतो. म्हणूनच हा विषय वरवर किरकोळ वाटला तरी तो तसा नाही.

निसर्गाने दिलेले भांडवल

नवजात पिल्लाला आपण होऊन मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आई त्याचा पार्श्वभाग चाटते, त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया घडते आणि विसर्जन होते. ते आईच चाटून साफ करते, त्यामुळे बिछाना कोरडा राहतो. साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लू चालू लागते आणि झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विसर्जन करू लागते. हे त्याला कुणी शिकवत नाही. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला व तो १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सुमारे आठ-साडेआठ आठवड्यांच्या वयात पिल्ले विसर्जनासाठी ठरावीक जागा निवडू लागतात, असे त्यांना आढळले.

याचा अर्थ असा, की 'झोपण्याची जागा घाण करायची नाही' हा संस्कार घेऊनच पिल्लू आपल्या घरी येते. आपल्याला फक्त 'झोपण्याची जागा' या कल्पनेचा विस्तार करून तिच्यात संपूर्ण घर बसवायचे असते. आईपासून फार लवकर तोडलेल्या किंवा अरुंद, घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लात हे भांडवल मुळातच कमी पडते. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. ती पाळली जाते आहे की नाही, हे पिल्लू घेणाऱ्यानेच पाहावे.

दुसरी मर्यादा मूत्राशयाची. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. जास्तीत जास्त तितके तास ते दिवसा थांबू शकते, असा एक ढोबळ आडाखा आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास, आणि खेळण्याच्या भरात तेवढेही नाही. बहुतेक पिल्लांत भरवशाचे नियंत्रण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान येते. लहान चणीच्या जातींना अधिक काळ लागू शकतो. आपल्या मुलांचेही असेच आहे. ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत दिवसाचे नियंत्रण येण्याचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होते. मज्जासंस्था तयार होण्याआधी केलेली घाई मुलात फळत नाही, तशी पिल्लातही फळत नाही.

वेळापत्रक

पिल्लाला बाहेर नेण्याच्या वेळा घड्याळापेक्षा त्याचे शरीरच ठरवते. त्या चार आहेत : झोपेतून उठताच, खाल्ल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. खाल्ल्यानंतरची वेळ का, हे डॉक्टरांना सांगायला नको. जठर भरले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हे तान्ह्या बाळाच्या दुपट्यांवरून प्रत्येक आईलाही ठाऊक असते. याखेरीज पहिल्या काही आठवड्यांत दिवसा दर दोन तासांनी एक फेरी धरावी.

हे साधण्यासाठी खाणे ठरावीक वेळी हवे. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा द्यावे आणि उरलेली थाळी उचलून ठेवावी. दिवसभर भरलेली थाळी समोर असेल, तर विसर्जनाच्या वेळाही दिवसभर विखुरतात. पाणी मात्र दिवसा कधीही तोडू नये, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर नाहीच. झोपण्यापूर्वीच्या एक-दोन तासांत ते बेताने द्यावे आणि पहिले काही आठवडे रात्री एकदा गजर लावून उठावे. ही फेरी अबोल असावी. खेळ, लाड, दिवे काहीही नको, नाहीतर पिल्लू खेळण्यासाठी उठवू लागते.

अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलांच्या बाबतीत आम्ही पालकांना नोंदवही ठेवायला सांगतो. तीच युक्ती येथे करावी. खाण्याची, झोपेची, लघवीची व शीची वेळ तीन दिवस लिहून पाहावी. अनियमित वाटणाऱ्या पिल्लाचाही एक नेम असतो, तो वहीत दिसू लागतो.

नजर आणि शाबासकी

घरात असताना पिल्लू नजरेसमोर हवे. जमीन हुंगत गोल फिरणे, खेळ सोडून एकाएकी कोपऱ्याकडे जाणे, दाराशी घुटमळणे ही पूर्वसूचना होय. नजर ठेवणे शक्य नसेल तेव्हा त्याला लहान जागेत ठेवावे. उभे राहता, वळता आणि पसरून झोपता येईल एवढाच पिंजरा, किंवा लहान मुलांसाठी दाराला लावतात तसे फाटक लावून वेगळा केलेला कोपरा पुरतो. मात्र त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक वेळ कोंडून ठेवल्यास ते नाइलाजाने तेथेच विसर्जन करते आणि जन्मजात संस्कार आपणच पुसून टाकतो.

बाहेर नेताना दरवेळी तीच वाट, तीच जागा व तोच शब्द असावा. जागेवर गेल्यावर पट्टा धरून शांत उभे राहावे. विसर्जन पूर्ण होताच, त्याच जागी, दोन-चार सेकंदांत कौतुकाचा शब्द आणि खाऊचा तुकडा द्यावा. घरी परतल्यावर दिलेला खाऊ हा घरी परतण्याचे बक्षीस ठरतो. आणखी एक बारकावा अनेकांच्या ध्यानात येत नाही : लघवी होताच आपण त्याला उचलून वर आणतो. 'लघवी केली की फिरणे संपते' हे पिल्लू चटकन शिकते आणि मग पाऊण तास फिरवूनही ते काही करत नाही. घरात आल्यावर करते. म्हणून काम झाल्यावरच फिरायला आणि खेळायला न्यावे.

घरात वर्तमानपत्र अंथरून शिकवण्याची पद्धत जुनी आहे. ज्यांना वारंवार खाली जाणे अशक्य आहे त्यांना ती सोयीची खरी. पण पायाखालच्या पृष्ठभागाची पिल्लाला सवय लागते. मग वाचता वाचता जमिनीवर ठेवलेली सकाळची पुरवणीही त्याला आपल्यासाठीच अंथरलेली वाटते! त्यापेक्षा बाल्कनीत माती किंवा हिरवळ घातलेला पसरट ट्रे ठेवणे बरे, कारण पुढे बाहेरही त्याला तोच स्पर्श लाभणार असतो.

शिक्षा का नको

फरशीवरच्या डबक्यात पिल्लाचे नाक घासणे हा घरोघरीचा उपाय आहे. त्याने काय साधते? कृती आणि परिणाम यांच्यात काही सेकंदांपेक्षा अधिक अंतर पडले, की पिल्लाला त्यांचा संबंध लागत नाही. आपण ऑफिसातून येऊन सकाळच्या लघवीबद्दल मारतो, तेव्हा त्याला एवढेच समजते की हा माणूस घरी आला म्हणजे मार बसतो. ऐन कृतीच्या क्षणी मारले, तर 'माणसासमोर लघवी करणे धोक्याचे' हा धडा मिळतो. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली करू लागते आणि पट्टा धरून बाहेर नेले तरी आपल्यासमोर करीत नाही.

"पण त्याला चूक कळते, चेहराच सांगतो," असे सांगितले जाते. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हेच तपासले. कुत्र्यांचा अपराधी चेहरा त्यांनी खरोखर आगळीक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे. म्हणजे तो पश्चात्ताप नसून धन्याची समजूत घालण्याचा प्रयत्न असतो. काही पिल्ले रागावताच किंवा अंगावर वाकताच थेंब थेंब लघवी करतात. ती शरणागतीची खूण आहे. त्यावर रागावल्यास ती वाढतेच.

आत चूक होताना दिसली तर हलकी टाळी वाजवून लक्ष वेधावे, उचलून बाहेर न्यावे आणि उरलेले काम तेथे झाल्यास कौतुक करावे. चूक नंतर दिसली तर मुकाट्याने पुसावे. डाग टिपून घेऊन साबणाच्या पाण्याने धुवावा व शक्य असल्यास एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा, कारण आपल्याला न येणारा वास पिल्लाला येतो आणि ते पुन्हा तेथेच जाते. अमोनियायुक्त द्रव टाळावेत. काळ्या फिनाइलमधील फिनॉलवर्गीय द्रव्ये चाटण्यात येणे धोक्याचे असते, हेही ध्यानात असावे.

लसीकरणापूर्वीचा पेच

पिल्लू शिकण्यास सर्वांत उत्सुक असते त्याच वयात त्याची प्रतिकारशक्ती अपुरी असते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू मातीत अनेक महिने टिकतो आणि पिल्लांना जीवघेणा ठरतो. त्यावरील लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्ये आधीच्या मात्रा निष्प्रभ करू शकतात. गोवराच्या लशीच्या बाबतीत हेच तत्त्व आपण पाळतो. तोवर पिल्लाला इतर कुत्री येत नाहीत अशा जागी न्यावे : बंगल्याचे कुंपणाआतील अंगण, गच्चीचा कोपरा, बाल्कनीतील ट्रे. रस्ता दाखवायचा तर कडेवर घेऊन. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यापासून दिली जाते. नेमके वेळापत्रक पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावे.

घरातील मुलांसाठी

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. गोलकृमींची लागण पिल्लाला आईच्या गर्भाशयातून व दुधातून होते. बाहेरून गुटगुटीत दिसणारे पिल्लूही असंख्य अंडी टाकत असू शकते. माती खाणाऱ्या, बोटे तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली तर अळ्या यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात आणि दृष्टी जाऊ शकते. यात दिलाशाची गोष्ट अशी, की ताज्या विष्ठेतील अंडी लगेच संसर्गक्षम नसतात. त्यासाठी त्यांना साधारण दोन ते चार आठवडे मातीत राहावे लागते. म्हणजे शी तत्काळ उचलणे हा नुसता शिष्टाचार नसून रोगप्रतिबंध आहे. जंतनाशक औषध पिल्लाच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करायचे असते. घरी आणल्यावर त्याचा हिशेब आधी विचारावा. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सातत्याने अग्रस्थानी राहिलेल्या शहराच्या नागरिकाला कुत्रे फिरवताना खिशात कागद व पिशवी ठेवण्याचा आग्रह करावा लागू नये.

विष्ठा लहान मुलांनी उचलू नये. पिल्लाशी खेळल्यावर हात साबणाने धुवावेत. पिल्लाचा दात वा नखी लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. 'एवढेसे तर पिल्लू' हा समज रेबीजच्या बाबतीत घातक आहे.

शिकलेले विसरले तर

नीट शिकलेले पिल्लू एकाएकी घरात लघवी करू लागले, वारंवार थोडी थोडी करू लागले, कुंथू लागले, फार पाणी पिऊ लागले किंवा शी पातळ झाली, तर ते आजाराचे लक्षण समजावे आणि पशुवैद्याला दाखवावे. घर बदलणे, नवे बाळ येणे, दिवाळीचे फटाके यांनीही सवय काही दिवस ढळते. अशा वेळी वेळापत्रक पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावे. दुसऱ्या खेपेस ते लवकर साधते.

पिल्लू आणण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा : पुढचे तीन-चार महिने दिवसातून आठ-दहा वेळा खाली कोण जाणार? 'मुलगा जाईल' हे उत्तर खरे नसते. शाळकरी मुलाने एखादी फेरी आनंदाने करावी, भार मोठ्यांनीच वाहायचा असतो. उत्तर ठाम नसेल तर पिल्लू आणू नये. प्राण्याला उपाशीतापाशी मरण्यास सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की घरातील मूल हे सारे पाहत असते. चुकलेल्या दुबळ्या जिवाशी मोठी माणसे कशी वागतात, याचा धडा ते फरशीवरच्या त्या डबक्यापाशी घेते. ज्या घरात पिल्लाला धीराने शिकवले जाते, त्या घरातील मुलाला आपले ओले अंथरूण लपवावे लागत नाही.