पॅरिसच्या सशाचे कान

पाऊस येणार का हे बघायला फोन हातात घ्यावा आणि वीस मिनिटांनी भलतंच काही वाचून तो खाली ठेवावा, हे आता घरोघरी चालतं. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे जाता जाता एका नजरेत हवी तेवढी माहिती देऊन गप्प बसणारं यंत्र कुणी केलंय का, याचा शोध घेताना मला नबाझताग भेटला.

नबाझताग म्हणजे आर्मेनियन भाषेत ससा. राफी हालाजियान आणि ऑलिव्हिए मेव्हेल यांच्या पॅरिसमधल्या ‘व्हायोलेट’ कंपनीने तो २००५ साली विक्रीला काढला. पांढरं प्लास्टिक, उंची २३ सेंटिमीटर, आत वाय-फाय. त्याआधी कंपनीने रंग बदलणारा, इंटरनेटला जोडलेला एक दिवाही केला होता. पूर्वपीठिका एवढी पुरे. मला खिळवून ठेवलं ते या सशाच्या कानांनी.

सशाला पडदा नाहीच. हवामान, रहदारी, शेअर बाजार यांची खबर अंगावरचे रंगीत दिवे देतात आणि कान वळतात. प्रत्येक कानाला वेगळी मोटर आणि १७ टप्पे मोजणारं चक्र. चक्रावर एक जागा मुद्दाम कोरी सोडलेली. ससा सुरू झाला की कान एक पूर्ण फेरी मारतो. ती कोरी जागा सापडली की आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कळतं. या मोजणीमुळे उलटा व्यवहारही जमला. माणसाने हाताने कान वळवला, तर तो वळवलेला सशाला समजतो. मग दोन सशांचं चक्क लग्न लावता यायचं! इकडे आईने कान खाली केला की दुसऱ्या शहरात लेकीच्या टेबलावरच्या सशाचाही कान खाली. शब्द नाही, घंटी नाही, उत्तराची घाई नाही. आठवण काढल्याचा इतका सभ्य निरोप मी दुसऱ्या कुठल्याही यंत्रात पाहिलेला नाही.

२००६ मध्ये आंत्वान श्मिट आणि झां-झाक बिर्जे यांनी पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात १०० सशांचा ऑपेरा सादर केला. नेटवर्कमुळे ससे थोडे मागेपुढे व्हायचे; त्यांनी ते मागेपुढे होणंच संगीतात सामावून घेतलं.

पण ससा स्वतःच्या डोक्याने चालत नव्हता, आणि खरं दुखणं तिथेच होतं. प्रत्येक खबर, कानाचा प्रत्येक निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून यायचा. गिऱ्हाईक एकदा पैसे देणार आणि सर्व्हरचा खर्च मात्र दरमहा चालू राहणार, हा हिशेब असल्या वस्तूंच्या मुळाशीच असतो. २००९ मध्ये व्हायोलेट बुडाली आणि माइंडस्केप या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली. जुलै २०११ मध्ये सर्व्हर बंद झाले. मोटर शाबूत, दिवे शाबूत, वाय-फायही चालू. तरी ससे मुके. चांगल्या कारागिरीची अशी माती झालेली वाचताना जीव तुटतो.

काही चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले. पुढे मेव्हेल यांनीच रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या संगणकावर चालणारा नवा सर्किट बोर्ड तयार केला. जुना बोर्ड काढून तो बसवला की आज्ञावली सशाच्या पोटातच चालते आणि तीच जुनी मोटर तेच कान फिरवते. हवामान बाहेरूनच आणावं लागतं, पण एखादी कंपनी बंद पडली म्हणून अख्खा ससा मरत नाही.

घरासाठी असं काही घेणार असाल, तर विक्रेत्याला आधी एवढंच विचारा: तुमचा सर्व्हर उद्या बंद पडला, तर यातलं काय काय चालू राहील?