झांज वाजली कधी, दिसली कधी

मोरगावला भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी येते. मयूरेश्वराच्या देवळासमोरच्या त्या भल्यामोठ्या दगडी नंदीभोवती तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. एका वर्षी मी लांबच्या एका ओट्यावर मोबाइल नीट टेकवून चित्रीकरण सुरू केलं, आणि खिशात मावेल असा एक रेकॉर्डर झांजवाल्यांच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या मित्राच्या हातात दिला. हिशेब साधा होता. चित्र मोबाइलचं, आवाज रेकॉर्डरचा, आणि घरी गेल्यावर दोघांची गाठ मारायची.

गाठ मारली. पहिली पाच-दहा मिनिटं सगळं झकास वाटलं. चाळिसाव्या मिनिटाला मात्र झांजा आपटलेल्या आधी दिसायला लागल्या आणि झणत्कार मागाहून यायला लागला. एखाद्या डब केलेल्या सिनेमासारखं. मला वाटलं, एकच काहीतरी चुकलंय. चुका दोन होत्या, आणि दोघींची जात अगदी वेगळी होती.

पहिली चूक अंतराची. मोरगावच्या कऱ्हा नदीच्या काठावर उभं राहून पलीकडे कुणी धुणं धूत असलेलं पाहिलं असेल, तर ती तुम्हाला आधीच माहीत आहे: धोपाटणं खाली येतं, परत वर जायला लागतं, आणि मग 'थाप' ऐकू येते. तीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. प्रकाशाला एवढ्या अंतरासाठी लागणारा वेळ मोजण्यातही अर्थ नाही. माझा मोबाइल झांजांपासून पस्तीसेक मीटरवर होता, म्हणजे झांजेचा आवाज त्याच्या माइकपर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग, १०० मिलिसेकंद लागत होते. मोबाइल सेकंदाला तीस फ्रेम टिपत होता. म्हणजे त्याचं स्वतःचं चित्र आणि स्वतःचा आवाज यांच्यातच तीन फ्रेमचं अंतर होतं, आणि मी रेकॉर्डरचा आवाज जुळवला होता तो नेमका मोबाइलच्या या उशिरा आलेल्या आवाजाशी. संगणकावर दोन्ही आवाजांचे आलेख एकाखाली एक ठेवले, शिखरावर शिखर बसवलं आणि समाधानाने चहा घेतला. कान कानाशी जुळले होते. डोळ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग सुरुवातीला ते खटकलं का नाही? कारण उशिरा येणाऱ्या आवाजाची माणसाला जन्मापासून सवय असते. वीज आधी, गडगडाट नंतर. आवाज आधी आणि चित्र नंतर असं मात्र निसर्गात कधी घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसारणासाठी केलेल्या शिफारशीतही हा पंक्तिप्रपंच दिसतो: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाच्या लक्षात येतं, पण मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत कळत नाही आणि १८५ पर्यंत चालवून घेतलं जातं. माझे १०० मिलिसेकंद या सवलतीत बसत होते.

दुसऱ्या चुकीने ती सवलत खाल्ली. प्रत्येक यंत्रात वेळ मोजायला क्वार्ट्‌झचा एक छोटा स्फटिक असतो, आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे धावत नाहीत. दहा लाखांत वीस-पंचवीसचा फरक ही स्वस्त यंत्रात नेहमीची गोष्ट आहे. एक यंत्र पंचवीसने पुढे आणि दुसरं पंचवीसने मागे असेल, तर दोघांत दहा लाखांमागे पन्नासचा फरक पडतो. ऐकायला हे काहीच नाही, पण चाळीस मिनिटांत त्याचे १२० मिलिसेकंद होतात. माझा रेकॉर्डर थोडा घाईचा होता. त्याने त्याच चाळीस मिनिटांत ध्वनीचे नमुने जरा जास्त भरले, ते ठरल्या गतीने वाजवले की आवाज चित्रापेक्षा लांब होतो, आणि शेवटाकडे मागे पडत जातो. आधीचे शंभर आणि हे एकशेवीस मिळून झाले दोनशेवीस. १८५ ची वेस केव्हाच ओलांडलेली.

उपाय चुकीच्या जातीप्रमाणे करायचा. अंतराची चूक पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तेवढीच राहते, म्हणून ती एका सरकवण्यात जाते. त्यासाठी आलेखाशी आलेख जुळवण्याऐवजी झांजा एकमेकींना टेकल्या ती फ्रेम डोळ्यांनी शोधायची आणि रेकॉर्डरचं शिखर तिथे आणायचं. स्फटिकाची चूक मात्र वाढत जाते. तिच्यासाठी शेवटाकडची आणखी एक झांज तशीच शोधावी लागते. दोन खुंट्या मिळाल्या की मधली दोरी किती ताणायची हे कळतं. चाळीस मिनिटांत बहात्तर हजार फ्रेम असतात, त्यांत तीन-चार फ्रेम दोनदा दाखवल्या की काम झालं. कुठल्या फ्रेम दोनदा दिसल्या ते शोधून दाखवणाऱ्याला मी पेढे देईन.

इथे कुणी विचारेल, चित्राला का ताणायचं, आवाजच थोडा आखडला तर? आखडता येतो, आणि संपादनात पुष्कळदा तसं करतातही, पण त्यासाठी प्रत्येक नमुन्याचं गणित नव्याने करावं लागतं. घाईघाईत आवाजाचा एखादा तुकडा कापला तर मात्र पंचाईत होते. डोळा एका फ्रेमची चोरी माफ करतो, कान काही मिलिसेकंदांची फटसुद्धा 'टक्‌' म्हणून पकडतो. म्हणूनच तुमच्या संगणकातला किंवा मोबाइलमधला व्हिडिओ प्लेअर साधारणपणे आवाजाचं घड्याळ प्रमाण मानतो. फाइलमधल्या प्रत्येक फ्रेमवर ती कधी दाखवायची याची वेळ लिहिलेली असते. एमपेग पद्धतीत सेकंदाचे ९०,००० भाग करून ती मोजतात, त्यामुळे पंचवीस फ्रेमच्या चित्रात लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये ३,६०० भागांचं अंतर पडतं. प्लेअर साउंडकार्डला विचारत राहतो, किती नमुने वाजून झाले? सेकंदाला ४८,००० नमुने असतील आणि ९६,००० वाजले असतील, तर दोन सेकंद झाले. पुढची फ्रेम लवकर तयार असेल तर ती थांबते. उशीर झाला असेल तर सरळ टाकून दिली जाते.

या हिशेबात एक भोक आहे. साउंडकार्डने दिलेला नमुना खरोखर हवेत कधी गेला हे प्लेअरला दर वेळी कळत नाही. ब्लूटूथचा स्पीकर आवाज आधी दाबून बांधतो, मग पाठवतो, मग सोडवतो. यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. काही यंत्रं हा उशीर प्लेअरला कळवतात, काही गप्प बसतात. गप्प बसणारं मिळालं तर हातानेच जुळवायचं. संगणकावरच्या व्हीएलसीत 'जे' आणि 'के' या कळा आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी मागेपुढे करतात.

आवाज एका यंत्रात आणि चित्र दुसऱ्यात, हे दुखणं बोलपटाइतकंच जुनं आहे. १९२७ च्या 'द जाझ सिंगर'चा आवाज फिल्मवर नव्हताच, तो वेगळ्या तबकडीवर होता. एका रिळाला एक तबकडी. फिल्म कुठे तुटली आणि दोन फ्रेम कापून चिकटवावी लागली, तर त्या रिळाचा पुढचा सगळा आवाज मागे पडायचा, म्हणून कापलेल्या जागी तेवढ्याच काळ्या फ्रेम भरायच्या. आपल्याकडे १९३१ साली 'आलम आरा' आला, पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा', आणि बोलपटाबरोबर क्लॅप देणारा पोऱ्याही आला. त्या लाकडी फळीचं काम झांजेचंच: डोळ्याला दिसेल आणि कानाला टोचेल असा एकच क्षण तयार करणं. नंतर कॅमेऱ्याच्या गतीची खूण म्हणून ५० हर्ट्‌झची लहर आवाजाच्याच टेपवर उमटवणारी यंत्रं आली. त्यातलं सर्वांत गाजलेलं स्वित्झर्लंडचं नाग्रा. नगाऱ्याशी त्याचा संबंध नाही. पोलिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ होतो 'रेकॉर्ड करील'.

आणि पार्श्वगायन तर आवाजामागून चित्र चालवण्याची आपली घरचीच शाळा. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवतात, नट-नट्या त्यावर ओठ हलवतात. पुण्याच्या गणपतीतल्या जिवंत देखाव्यांतही तेच: निवेदन, संवाद, तलवारींचा खणखणाट, सगळं आधीच मुद्रित, पोरं त्यावर हातवारे करणार. त्या देखाव्यामागे पडदा लावून त्यावर व्हिडिओ दाखवायचा ठरलं, की आजचा आपला प्रश्न पूर्ण रूपात उभा राहतो. आवाज एका यंत्रावरून वाजणार, व्हिडिओ दुसऱ्यावरून, आणि 'एक, दोन, तीन' म्हणून दोन बटणं एकदम दाबणं हा काही उपाय नव्हे. आपण दोन स्फटिकांची गोष्ट आत्ताच पाहिली.

यावर टाइमकोड असतो. साठच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ संपादनासाठी निघालेली ही युक्ती मला अजून थक्क करते, कारण यात वेळ स्वतःच आवाज होऊन बसते. ध्वनिफितीच्या डाव्या बाजूला निवेदन ठेवायचं आणि उजव्या बाजूला टाइमकोड. उजवी बाजू कुठल्याही कर्ण्याला जोडायची नाही, चुकून जोडली तर रातकिड्याने किर्र लावावी तसं ऐकू येतं. ती तार थेट व्हिडिओच्या संगणकात जाते. त्या किरकिरीत प्रत्येक फ्रेममागे ८० बिट असतात: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम आणि शेवटी 'इथे फ्रेम संपली' अशी सोळा बिटांची ठरलेली खूण. पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने सेकंदाला २,००० बिट. प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला लहर पालथी होते, बिट एकचा असेल तर मधोमध आणखी एकदा. एवढ्यावर वाचणारं यंत्र गती ओळखतं. फीत हळू चालली किंवा उलटी फिरवली तरी वेळ वाचता येते.

व्हिडिओचा संगणक मग या वेळेचा माग काढत चालतो. फरक एखाद्या फ्रेमचा असेल तर तो आपली गती किंचित कमी-जास्त करतो. फरक सेकंदांचा असेल, म्हणजे कुणी निवेदन मधूनच लावलं असेल, तर थेट त्या जागी उडी मारतो. आणि तार हलून कोड क्षणभर तुटला तर मध्येच बंद पडत नाही, काही फ्रेम स्वतःच्या अंदाजाने पुढे जातो. उडीच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. मोबाइलवर चालणाऱ्या नेहमीच्या फाइलमध्ये सगळ्या फ्रेम पूर्ण नसतात. बहुतेकींत आधीच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. मधल्या फ्रेमवर उडी मारायची तर मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून उलगडत यावं लागतं, आणि तोवर पडदा गोठलेला. म्हणून अशा कामाला प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेला व्हिडिओ करून घेतात. फाइल कित्येक पटींनी फुगते, पण उडी चुकत नाही.

दोन्ही यंत्रांत फ्रेमची संख्या एकच लावली आहे ना, हे आधी पाहावं. एकात ३० आणि दुसऱ्यात २९.९७ असेल तर तासाला ३.६ सेकंदांचा घोळ होतो, आणि तो स्फटिकाच्या माथी मारून लोक रात्र घालवतात. फरक सरळ वाढत न जाता मध्येच कमी-जास्त होत असेल तर संशय मोबाइलवर घ्यावा. अंधार पडला की पुष्कळ मोबाइल जास्त उजेड गोळा करण्यासाठी फ्रेमची संख्या परस्पर कमी करतात. अशी फाइल आधी एकसमान फ्रेमची करून घेतल्याशिवाय जुळवायला बसूच नये.

हे सगळं मुद्रित आवाजाचं झालं. थेट आवाजात नियम वेगळा: मागे राहिलेल्याला पुढे ओढता येत नाही, पुढे गेलेल्यालाच थांबवावं लागतं. टीव्हीचा आवाज बंद करून आकाशवाणीवर क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्यांनी हे भोगलंय. उपग्रहामार्गे फिरून येणारं चित्र मागे राहतं आणि गोलंदाज धावत निघायच्या आधीच कानात विकेट पडते. तिथे रेडिओलाच उशीर लावायला हवा.

आरतीत तर उशीर लावायलाही कुणी नसतं. एका मांडवात पडद्यावर आरतीच्या ओळी दाखवायच्या होत्या. मी ऐटीत टाइमकोडची फीत तयार करून नेली. दोन कडवी ठीक गेली, मग नेहमीप्रमाणे टाळ्यांची लय चढली, म्हणणारे पुढे गेले आणि पडदा मागच्याच कडव्यात अडकला. शेवटी आरती पाठ असलेल्या एका सातवीतल्या मुलीला कीबोर्डसमोर बसवलं आणि स्पेसबार तिच्या हवाली केला.