स्वयंपायसी औषधयोग

तेल, पृष्ठसक्रिय द्रव्य व बहुधा एखादा सहविद्रावक यांच्या एकजीव मिश्रणात औषध विरघळवून तयार केलेला आणि पाण्याशी संपर्क येताच आपोआप पायसात (⟶ पायस) रूपांतर पावणारा योग. तो सामान्यतः मऊ जिलेटिनाच्या कॅप्सुलांत भरतात. जठर व आतडे यांतील द्रव आणि त्यांची नैसर्गिक हालचाल एवढ्यावरच त्याचे सूक्ष्म थेंब बनतात; निराळे घुसळावे लागत नाही.

तोंडाने घेतलेले औषध रक्तात जाण्यापूर्वी आतड्यातील द्रवात विरघळावे लागते. पाण्यात अत्यल्प विरघळणाऱ्या औषधांचा बराच भाग शोषला न जाता मलावाटे निघून जातो. स्वयंपायसी योगात औषध आरंभापासूनच विरघळलेले असल्याने घन कण विरघळण्याची मंद पायरी टळते. थेंब काही शेकडो नॅनोमीटर किंवा त्याहूनही लहान असल्यामुळे शोषणास मोठे पृष्ठफळ मिळते. आयुर्वेदातील औषधी तुपे हीही स्निग्ध माध्यमेच होत. परंतु त्यांत पायसीकारक वेगळे घातलेले नसते, म्हणून त्यांची गणना या गटात करणे बरोबर नाही.

सायक्लोस्पोरिन हे याचे ठळक उदाहरण होय. अवयवरोपणानंतर द्यावयाच्या या औषधाची मात्रा कमी पडल्यास शरीर रोपित अवयव नाकारते, तर जास्त झाल्यास मूत्रपिंडास इजा होते. त्याच्या पहिल्या तेलकट योगाचे (सँडिम्यून) शोषण पित्तावर अवलंबून असे व ते रुग्णागणिक फार बदले. स्वयंपायसी योगामुळे (निओरल, अमेरिकेत मान्यता १९९५) हा फरक पुष्कळ कमी झाला. मात्र दोन्ही योग समतुल्य नाहीत. रक्तातील पातळी न मोजता एकाऐवजी दुसरा देणे धोक्याचे असते.

महाराष्ट्रात मुंबईच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी या संस्थेत सेफपोडॉक्झिम प्रॉक्झेटिल या प्रतिजैविकाचा असा योग तयार करण्यात आला (२००७). या औषधाची विद्राव्यता माध्यमाच्या अम्लतेनुसार बदलते. या योगापासून बनलेल्या थेंबांवर मात्र अम्लतेचा परिणाम झाला नाही. हे प्रयोगशाळेतील निष्कर्ष होत. रुग्णांवरील उपयुक्तता त्यांवरून सिद्ध होत नाही.

पृष्ठसक्रिय द्रव्य अधिक झाल्यास आतड्याचा दाह संभवतो. सहविद्रावक पाण्यात मिसळून गेला की औषध पुन्हा स्फटिकरूपाने बाहेर पडू शकते. साठवणीतही विरघळलेल्या औषधाची शाश्वती नसते : एड्सवरील रिटोनाव्हिर या औषधाच्या कॅप्सुलांत १९९८ मध्ये आधी माहीत नसलेले, कमी विद्राव्य स्फटिकरूप आढळले व त्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. पुढे शीतकपाटात ठेवावयाच्या मऊ कॅप्सुला १९९९ मध्ये आल्या.